शार्लटमध्ये ‘पॉश’ घर घेताना: पैसे तुमचे, पण मालकी कशाकशाची?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका ताईंच्या नवऱ्याला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या अपटाउनमधल्या, म्हणजे शहराच्या मध्यभागातल्या, बँकेत नोकरी लागली आहे. उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवायचं आहे. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत. सासरे वर्षातले सहा महिने येऊन राहतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. एडिसनचं घर विकून १४ लाख डॉलरपर्यंत जायची तयारी आहे. त्या विचारतात: “मायर्स पार्क, बॅलंटाइन की लेक नॉर्मन? खरा पॉश एरिया कुठला? आपली माणसं कुठे जास्त आहेत? स्विमिंग पूल असलेलं घर घ्यावं का? आणि ही ड्यू डिलिजन्स फी काय भानगड आहे?”

ताई, मी इथला घरांचा एजंट, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. एरिया चुकला तर माणूस दोन-चार वर्षांनी घर विकून निस्तरतो. फीची चूक मात्र आठवड्याभरात रोख पैसे घेऊन जाते.

जर्सीत करारावर सही केली तरी वकिलाला तो तपासायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात आणि त्या काळात माघार घेता येते. ती सवय तिथेच ठेवून या. नॉर्थ कॅरोलायनात तुमची ऑफर मान्य झाली की ड्यू डिलिजन्स फीचे पैसे थेट विकणाऱ्याच्या हातात जातात, एस्क्रोमध्ये म्हणजे त्रयस्थाच्या खात्यात नाही. त्या पैशांच्या बदल्यात तुम्हाला ठरावीक दिवसांची मुदत मिळते. त्यात इन्स्पेक्शन करा, कर्जाचं बघा, सर्व्हे करा, आणि मन बदललं तर कारण न देता निघून जा. पण फी परत मिळत नाही. इन्स्पेक्शनमध्ये घर वाळवीने पोखरलेलं निघालं तरी नाही. साधारणपणे विकणाऱ्यानेच करार मोडला, तरच ती परत मागता येते. दुसरी रक्कम अर्नेस्ट मनी, म्हणजे बयाणा. ती एस्क्रोमध्ये पडून असते आणि मुदतीच्या आत बाहेर पडलात तर परत येते. सौदा पूर्ण झाला की दोन्ही रकमा किमतीतून वजा होतात.

२०२१ च्या वसंतात माझ्याकडे कॅलिफोर्नियाहून एक पुणेकर जोडपं आलं होतं. दक्षिणेकडचं, १९९० च्या दशकातलं, गॉल्फ कोर्सला लागून असलेलं फिकट पिवळं घर. शनिवारी बाजारात आलं आणि रविवारी त्याच्यावर डझनभर ऑफर्स. यांनी ४०,००० डॉलर फी लावली आणि ‘जिंकले’. चौथ्या दिवशी इन्स्पेक्टर आला. बाहेरचा गिलावा खरा नव्हता, सिंथेटिक स्टको होता. म्हणजे फोमच्या पाट्या आणि वर पातळ लेप. त्या काळात बांधलेल्या इथल्या बऱ्याच घरांना तो आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते, म्हणून आतलं लाकूड गुपचूप कुजत राहतं. बाहेरून भिंत नव्या नवरीसारखी. इन्स्पेक्टरने जेवणाच्या खोलीच्या खिडकीखाली ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया टोचल्या, तर त्या चहात बुडवलेल्या खारीत जाव्यात तशा आत गेल्या. दुरुस्तीचा अंदाज ऐकून दोघं बाहेर पडले. ४०,००० तिथेच राहिले. चूक माझीही होती. भिंतीवर बोटाने टकटक केलं असतं तरी पोकळ आवाज आला असता, पण त्या गर्दीत मी ते केलं नाही. आता करतो. लोक हसतात, हसू देत.

बाजार आता २०२१ सारखा उरलेला नाही. फी किती लावायची हा वाटाघाटीचा भाग आहे, ती शून्यही असू शकते. १४ लाखांच्या घराला कुणी डोळे मिटून मोठी फी लावायला सांगत असेल तर त्याला विचारा, या पैशात मला नक्की काय तपासायचं आहे आणि त्यातलं काय आधीच तपासता येईल? विकणारा तयार असेल तर ऑफरच्या आधीच इन्स्पेक्टरला तासभर फिरवून आणता येतं.

आता पॉश एरियाकडे वळू. जुन्या शार्लटकराला हा प्रश्न विचारलात तर तो क्षणाचाही विचार न करता मायर्स पार्क म्हणेल, आणि शेजारचं ईस्टओव्हर. गावाचा पैसा आधी सोन्यातून आला. १८३७ मध्ये इथे अमेरिकेच्या टांकसाळीची शाखा निघाली होती. तिची इमारत नंतर विटा-दगडांसकट उचलून ईस्टओव्हरमध्ये नेली आणि १९३६ पासून तिथे मिंट म्युझियम आहे. पुढे पैसा कापसातून आला, मग बँकांतून. १९९८ मध्ये नेशन्सबँकेने बँकअमेरिका घेतली आणि बँक ऑफ अमेरिकाचं मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोऐवजी इथे आलं. तुमच्या यजमानांची नोकरी याच लाटेवरची.

मायर्स पार्क १९११ चं. नगररचनाकार जॉन नोलेन यांनी तो एका कापूसशेतावर आखला. त्यांनी रस्ते मुद्दाम वळणावळणाचे ठेवले. परिणाम असा की क्वीन्स रोड आणि क्वीन्स रोड जिथे एकमेकांना भेटतात असा चौक इथे आहे, आणि तिथे जीपीएसचीही बोबडी वळते. वास्तू बघणाऱ्यांची तर फारच पंचाईत, कारण प्रत्येक वळणावर घरांचं तोंड बदलतं. एका काकांना मी होकायंत्र घेऊन पूर्वाभिमुख घर शोधताना एकाच रस्त्यावर चारही दिशा फिरवल्या आहेत.

पण तिथे पैसे मोजतात ते घराचे नाही, सावलीचे. क्वीन्स रोड वेस्टवर दोन्ही बाजूंच्या विलो ओकच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्या आहेत. जुलैच्या भर दुपारी त्या बोगद्यात शिरलं की गाडीतलं तापमान उतरतं. आता गंमत बघा. रस्त्याकडेची ती झाडं तुमची नाहीत, शहराची आहेत. परवानगीशिवाय फांदीही छाटता येत नाही. तुमच्या स्वतःच्या आवारातलं देशी झाडसुद्धा ३० इंचांपेक्षा जाड असेल तर तोडायला परवाना लागतो. शिवाय ही झाडं एकाच पिढीतली आहेत आणि एकत्रच म्हातारी होताहेत. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळ समुद्रापासून इतकं आत असलेल्या या शहरावर आलं, तेव्हा हजारो झाडं पडली आणि काही भागांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. म्हणून मायर्स पार्कात मी घराच्या इन्स्पेक्टरबरोबर झाडांचाही जाणकार नेतो. छपरावर कलणारा ओक आतून पोकळ असेल तर ती दुरुस्ती स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाइतकी महाग पडू शकते.

जुन्या घरात दुसरी गोष्ट बघायची ती जमिनीखालची. इथे बेसमेंट कमी, क्रॉल स्पेस जास्त. क्रॉल स्पेस म्हणजे घराखालची गुडघाभर उंचीची पोकळी. खाली लाल चिकणमाती, वर दमट उन्हाळा. माझ्या गाडीत एक जुना ओव्हरऑल कायम असतो. झाकण उघडून मी आधी फक्त वास घेतो. पावसाळ्यात कोकणातल्या बंद घराचं दार उघडल्यावर येतो तसा कुबट वास आला, की मोठे झुंबर आणि संगमरवरी ओटे बघण्यात वेळ घालवायचा नाही.

१४ लाखांत मायर्स पार्कात काय मिळेल? टाउनहाउस मिळेल, किंवा काम काढावं लागेल असं लहान जुनं घर. क्वीन्स रोड वेस्टवरचा वाडा विसरा. शेजारचं डिलवर्थ १८९१ चं, ट्रॉलीच्या आधारावर वसलेलं शार्लटचं पहिलं उपनगर. छान बंगले, पडव्या, चालत जाता येईल अशी दुकानं. पण त्याचा मोठा भाग ऐतिहासिक म्हणून जाहीर झालेला आहे. तिथे खिडक्या बदलायच्या, पडवी वाढवायची तर आधी आयोगाची मंजुरी हवी. ज्याला ‘माझं घर, माझी मर्जी’ हवं आहे त्याने तिकडे जाऊ नये.

मायर्स पार्कच्या जुन्या खरेदीखतांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती तुमच्या ‘आपली माणसं’ या प्रश्नाशी जोडलेली आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या त्या खतांमध्ये, हा प्लॉट फक्त कॉकेशियन वंशाच्या लोकांनीच घ्यायचा आणि वापरायचा, असं कलम असे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आपण कॉकेशियन असल्याचं मांडलं. न्यायालयाने सांगितलं की सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. म्हणजे तुम्ही-आम्ही तिथे घर घेणं सोडाच, पाहायलाही गेलो नसतो. १९४८ मध्ये अशा कलमांची अंमलबजावणी न्यायालयं करणार नाहीत असा निकाल लागला आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने तो भेद बेकायदा ठरवला. कलम मेलं, पण कागद जिवंत आहे. त्याच कागदातली ‘एका प्लॉटवर एकच घर’, ‘रस्त्यापासून इतकं अंतर’ ही कलमं आजही लागू होऊ शकतात. आणि ती महत्त्वाची आहेत, कारण जून २०२३ पासून शहराच्या नव्या नियमांनी एका घराच्या प्लॉटवर दोन-तीन घरं बांधायला परवानगी दिली आहे. शेजारचा बंगला पडून तिथे तीन घरं उभी राहतील की नाही, हे बऱ्याचदा शंभर वर्षांपूर्वीच्या टाइप केलेल्या पानावर ठरतं. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण करून देणाऱ्या, वकिलाकडून ते पान ड्यू डिलिजन्सची मुदत संपायच्या आत मागवा. क्लोजिंगच्या टेबलावर वाचून काही उपयोग नाही.

म्हणूनच ‘आपली माणसं कुठे राहतात’ याचं उत्तर मी देत नाही. रागावू नका. धर्म, वंश, मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदा आहे, हेतू कितीही प्रेमाचा असला तरी. मराठी एजंटने मराठी माणसाला केलं तरीही. मंडळाच्या गणपतीला या, जेवणाच्या रांगेत दहा जणांना विचारा, त्यांना सांगायला कुणाची बंदी नाही. माझ्याकडून तुम्हाला अंतर, कर, बांधकाम आणि कागद एवढंच मिळेल.

बॅलंटाइन हे १९९० च्या दशकात राज्याचे जुने गव्हर्नर मॉरिसन यांच्या वारसांच्या जंगल-जमिनीवर उभं राहिलं. साउथपार्क मॉलची जमीनही त्याच मॉरिसन यांच्या शेतीतली. बॅलंटाइनात रस्ते रुंद, घरं मोठी, गॅरेज तीन गाड्यांचं. आणखी दक्षिणेला काउंटीची हद्द ओलांडली की युनियन काउंटीतली मार्विन, वेडिंग्टन, वॅक्सॉ. तुमच्या पैशात तिथे चार हजार चौरस फुटांच्या पुढचं घर बघता येईल. शार्लट शहरात राहिलात तर शहर आणि काउंटी मिळून मालमत्ता कर शंभर डॉलरला पाऊण डॉलरच्या आसपास पडतो. एडिसनमधून येणाऱ्याला तो ऐकून हसू येतं. पण शार्लट जिच्यात येतं ती मेक्लेनबर्ग काउंटी दर चार वर्षांनी नव्याने किमती ठरवते. मागची फेरी २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. वेबसाइटवर दिसणारा आजच्या मालकाचा कर बघून पुढच्या दहा वर्षांचं गणित मांडू नका.

शाळा बघून घर घेणाऱ्यांना एक सावधगिरीची गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण भागात बॅलंटाइन रिज हायस्कूल सुरू झालं आणि त्यासाठी आजूबाजूच्या शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. अमुक हायस्कूलसाठी म्हणून जास्त पैसे मोजलेल्या काही घरांची शाळाच बदलली. झाडं शहराची, तशी शाळेची हद्द शिक्षण बोर्डाची. तुमचा मुलगा वर्षभरात हायस्कूलला जाईल, म्हणून जाहिरातीतली शाळा नको, बोर्डाच्या साइटवर घराचा पत्ता टाकून बघा. तिसरीतल्या मुलीपर्यंत ती हद्द तशीच राहील असं कुणी सांगत असेल तर तो ज्योतिषी आहे.

या वसाहतींत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असते आणि तिची नियमावली साठ-सत्तर पानांची. दाराचा रंग, कुंपणाची उंची, कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा, सगळं त्यात. माझ्या एका गिऱ्हाइकाने पुढच्या अंगणात तुळशी वृंदावन ठेवलं, तर आठवड्यात पत्र. मागच्या अंगणात ‘सजावटीची कुंडी’ म्हणून अर्ज केला आणि मंजुरी मिळाली. तशीही डिसेंबरात तुळस गॅरेजमध्येच घ्यावी लागते.

लेक नॉर्मनबद्दल फार लिहीत नाही, कारण अपटाउनला रोज जायचं असेल तर मी तुम्हाला तिकडे नेणार नाही. तिथून शहरात येणाऱ्या आय-७७ महामार्गावर २०१९ पासून टोलच्या लेन्स आहेत, गर्दी वाढली की टोल वाढतो. तरी हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा: हे तळं निसर्गाने केलेलं नाही. ड्यूक पॉवरने विजेसाठी काउअन्स फोर्ड धरण बांधलं आणि १९६० च्या दशकात तळं भरलं. धरणाला लागूनच मॅकग्वायर अणुवीज केंद्र आहे. ब्रोशरमधल्या सूर्यास्ताच्या फोटोत ते नसतं. समुद्रसपाटीपासून ७६० फूट ही पाण्याची पूर्ण पातळी, आणि तिच्या आतला कारभार ड्यूक एनर्जीचा. काठावर घर आहे म्हणजे धक्का बांधायचा हक्क आहे असं नाही, त्याला त्यांचा परवाना लागतो. असलेल्या धक्क्याचा परवाना तुमच्या नावावर होतो का, हे ऑफरच्या आधी विचारा.

कुणी तरी साउथ कॅरोलायनातलं फोर्ट मिल सुचवेल. हद्दीपलीकडे स्वतः राहत्या घराच्या किमतीचे ४ टक्के आणि इतर मालमत्तेच्या किमतीचे ६ टक्के धरून त्या रकमेवर कर लावतात. ४ टक्क्यांसाठी स्वतः अर्ज करावा लागतो, विसरलात तर बिल बघून घाम फुटतो. शिवाय नोकरी इकडे आणि घर तिकडे म्हणजे दोन राज्यांची रिटर्न भरायची.

आता घराच्या आत. सासऱ्यांसाठी तळमजल्यावर बेडरूम आणि पूर्ण बाथरूम हवी, आणि टबऐवजी उंबरा नसलेला शॉवर. जाहिरातीत ‘मेन लेव्हलवर गेस्ट सुइट’ लिहिलेलं असतं, पण गॅरेजमधून घरात येताना तीन पायऱ्या असतात. त्या मोजा, त्यांचे कठडे बघा. स्वयंपाकघरात माझी एक परीक्षा ठरलेली आहे. चिमणी सुरू करून खाली पेपर नॅपकिन धरायचा. चिकटला तर ठीक. मग बाहेर जाऊन भिंतीवरची झडप उघडते का बघायचं. १५ लाखांच्या घरातसुद्धा ओट्यावरचा मायक्रोवेव्ह वाफ ओढून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतो, आणि हे पहिल्या फोडणीलाच कळतं.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? आधी वर्षभर बॅलंटाइनच्या आसपास भाड्याने राहिलो असतो. एडिसनचे पैसे बँकेत पडू दिले असते. एखाद्या मंगळवारी सकाळी साडेसातला प्रॉव्हिडन्स रोडने अपटाउनपर्यंत गाडी चालवून बघितली असती, रविवारी नाही. मग जुनं, पण विटांचं, १९८० च्या आसपासचं घर साउथपार्क आणि बॅलंटाइनच्या मधल्या पट्ट्यात शोधलं असतं. ते नव्याइतकं झगमगीत नसेल, पण सासऱ्यांसाठी खालची खोली, मोठी झाडं आणि अपटाउनचा रस्ता, तिन्ही एकाच पत्त्यावर मिळायची शक्यता तिथेच जास्त.

राहिला पूल. लाल मातीत खोदकाम सोपं वाटतं, पण खाली खडक लागला की कंत्राटदाराचा आकडा बदलतो. म्हणून पूल हवाच असेल तर आधीच असलेलं घर बघा आणि त्याच्या पंपाचं वय विचारा. मे ते सप्टेंबर वापराल, उरलेले महिने त्यातली ओकची पानं काढाल. बहुतेक वसाहतींत सामायिक पूल असतो आणि उन्हाळ्यात मुलांचे पोहण्याचे संघही असतात. लेकीला पोहायला येतं का, तेवढं मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.